बिनभोकाचा भोपळा

नांदूरघाटच्या आसपास कुणाची घागर विहिरीत पडली, की लोक आधी गळ टाकून बघायचे. दोरीला बांधलेला चार आकड्यांचा लोखंडी गळ तळाशी फिरवायचा आणि घागरीचा काठ आकड्यात अडकला की ओढायचं. काठ अडकलाच नाही, तर दोन वाटा उरायच्या. घागर विसरायची, नाहीतर छबुबाईला बोलवायचं.

छबुबाई एकटीच यायची. घागर कुठल्या अंगाला पडली ते विचारायची, कासोटा खोचायची आणि उडी मारायची. काठावरच्या बायका श्वास धरून बसलेल्या असायच्या, तोवर आधी घागर वर यायची आणि मग छबुबाईचं डोकं. लोक ज्वारी द्यायला लागायचे, खण द्यायला लागायचे. ती हात लावायची नाही.

"घरात पोरगी हाय का?" असं विचारायची.

"हाय की. कावून?"

"उद्या दुपारी आमराईतल्या विहिरीवर पाठवा. पोहायला शिकवते. हीच माझी मजुरी."

एकदा एक माणूस म्हणाला, "असली मजुरी आमच्या घरात कुणी देत न्हाई."  छबुबाईनं वर काढलेली घागर उचलली, त्याच्या डोळ्यांसमोर पुन्हा विहिरीत सोडली आणि ओल्या लुगड्यानं घरची वाट धरली. तिसऱ्या दिवशी त्या घरची पोरगी हजर होती.

ही मजुरी मात्र छबुबाईनं स्वतः ठरवलेली नव्हती. ती कुणी ठरवली, हे सांगायचं तर मागं जावं लागतं, छबुबाई नुसती छबू होती त्या उन्हाळ्यात.

सरकारी कागदावर तेव्हा फसली सन तेराशे अडतीस होतं. इंग्रजांच्या मुलुखात त्यालाच एकोणीसशे एकोणतीस साल म्हणत. छबू बारा वर्षांची होती. तिचा बाप धोंडीराम मेंढपाळ. साठेक मेंढरं आणि चार म्हशी एवढा त्याचा संसार. ज्वारी निघाली, रानं मोकळी झाली, की तो मेंढरं घेऊन मोहनराव पाटलांच्या शिवारात उतरायचा. मेंढरं रात्रभर रानात बसायची, रानाला लेंडीखत मिळायचं, मेंढरांना चरायला मिळायचं. पाटलांची मुक्ता छबूच्याच वयाची. उन्हाळा आला की छबू येते, हे मुक्ताच्या हिशेबात आंब्याच्या मोहोरासारखं पक्कं बसलेलं होतं.

आमराईतल्या एका जुन्या झाडाला ढोली होती. तिच्यात फुटक्या पणतीत दोघींनी तिखटमीठ लपवलेलं असायचं. कैरी पाडायची, दगडावर फोडायची आणि ढोलीत बोट घालायचं. मुक्ताला शंभरापर्यंत मोजता यायचं. छबूला दोन बोटं तोंडात घालून अशी शीळ घालता यायची, की पांगलेली मेंढरं माना वर करायची. आणि छबूला पोहता यायचं. पावसाळ्यात धोंडीराम कपिलधारच्या डोंगराकडं मेंढरं न्यायचा, तिथल्या खालच्या डोहात म्हशीची शेपटी धरून ती शिकली होती. मेंढपाळाच्या पोरीला कोण अडवणार?

मुक्ताला मात्र सगळं अडवलेलं होतं. नवव्या वर्षी तिचं लग्न झालं होतं आणि या उन्हाळ्यात, मृगाच्या आधी, तिला नांदायला जायचं होतं. नेकनूरच्या पलीकडं एका वस्तीवर तिचं सासर. बैलगाडीनं दिवसभराची वाट.

"तुला रडू येतंय का?" छबूनं विचारलं.

"सासरी जायचं म्हणून न्हाई येत," मुक्ता म्हणाली. "तिथल्या विहिरीची भीती वाटती."

गेल्या दिवाळीत मुक्ताची थोरली जाऊ त्या विहिरीत पडली होती. पाणी शेंदायला एका फळीवर उभं राहावं लागायचं. फळीला शेवाळ होतं. लोक दोर घेऊन येईपर्यंत सगळं संपलं होतं. आता त्या फळीवर मुक्ता उभी राहणार होती.

"मायला सांगितलंस?"

"सांगितलं. माय म्हणली, आसरांची ओटी भरते, त्या सांभाळतील."

आसरा म्हणजे पाण्यातल्या सात देवी. आमराईतल्या विहिरीच्या काठावरही त्यांचे सात दगड होते, शेंदूर लावलेले, पुढं हिरव्या बांगड्या वाहिलेल्या. छबू त्या दगडांकडं बघत बसली.

"तुझ्या थोरल्या जावेच्या मायनं ओटी भरली नसंल का गं?"

मुक्तानं एका दगडापुढची बांगडी सरळ करून ठेवली.

"भरलीच असंल," छबू म्हणाली. "ओटी भरू दे. तू पोहायला शीक."

"येडी का? पोरी विहिरीत उतरत न्हाईत. आसरा धरत्यात."

"या साती जणी बायाच हायेत ना? अन् बारा महिने पाण्यातच राहत्यात. त्यांना चालतं, मग आपल्याला कावून न्हाई?"

 पाटलांच्या घरात असले सवाल कुणी विचारत नसे.

दुसऱ्या दिवशी दुपारी दोघी विहिरीच्या पायऱ्या उतरल्या. पाटलांचा मोटकरी शहादेव सकाळी मोट हाकायचा आणि ऊन तापलं की बैल सोडून आंब्याखाली झोपायचा. तो उठेपर्यंत विहीर त्यांची. छबूनं आपल्या पालावरचे दोन भोपळे आणले होते. भोपळा वाळला की आतून पोकळ होतो, हलवला तर बिया खुळखुळतात. त्याला भोक नसेल तर आतली हवा बाहेर जात नाही आणि भोपळा काही केल्या बुडत नाही. असे दोन भोपळे अंबाडीच्या दोरीनं पाठीला बांधले की माणूसही बुडत नाही. मुलं असंच शिकायची, फक्त मुली शिकत नव्हत्या.

पहिल्या दिवशी मुक्तानं पायरी सोडलीच नाही. दुसऱ्या दिवशी सोडली आणि किंचाळली.

"गप!" छबूनं तिच्या तोंडावर पाणी मारलं. "शहादेव उठंल!"

"नाकात पाणी गेलं!"

"म्हशीवानी नाक वर धर. म्हैस कधी नाकात पाणी घेती का?"

"मी म्हैस न्हाई!"

"ते दिसतंयच. म्हशीला पोहता येतं."

आठ दिवसांत मुक्ता दोन भोपळ्यांवर विहीर ओलांडायला लागली. पंधराव्या दिवशी छबूनं एक भोपळा काढून घेतला. दुसरा मात्र मुक्ता सोडीना. तो नुसता काढायची गोष्ट निघाली तरी तिचे हातपाय दगडासारखे व्हायचे. तिकडं सासरहून निरोप आला. पंचमीला गाडी येणार. उरले नऊ दिवस.

"भोपळा घेऊन सासरी जाणार का?" छबू चिडली. "पाणी शेंदताना पाठीवर बांधणार?"

"बांधीन."

"सासू हसंल."

"हसू दे. मेलेली तर नसंन."

त्याच दिवशी तो भोपळा ओल्या पायऱ्यांवरून घरंगळत गेला आणि दगडावर आपटून तडकला. दुसरा छबूच्या आजीनं परत मागून घेतला होता. आता भोपळाच नव्हता.

मुक्ता म्हणाली, "मी आणते."

पाटलांच्या माजघरात आढ्याला एक मोठा भोपळा टांगलेला होता. मुक्ताची आई केशरबाई त्यात दोडक्याचं, घोसाळ्याचं बी ठेवायची. वरून कापून झाकण केलेलं, झाकण बसवून शेणामातीनं लिंपलेलं. मुक्तानं बी फडक्यात ओतलं, झाकण परत बसवलं, ताजं शेण आणि माती कालवून जाड लेप दिला आणि दोन दिवस माळवदावर उन्हात वाळवला. लेप खडखडीत झाला.

"तोंड पक्कं हाय ना?" छबूनं विचारलं.

"माय कणगी लिंपती तसंच लिंपलंय."

छबूनं बोटानं टकटक करून बघितलं. तिलाही पटलं. दोघींच्या घरात सगळं शेणामातीनंच बंद होत होतं. कणगीचं तोंड, बियाण्याचं मडकं, भिंतीतलं उंदराचं भोक. लिंपलं की मुंगी जात नाही, किडा जात नाही, वारा जात नाही. पाणी जाईल हे दोघींपैकी एकीच्याही डोक्यात आलं नाही.

बाविसावा दिवस होता. मुक्ता पाण्यात उतरली आणि पहिल्यांदाच न थांबता पलीकडं जाऊन आली. पुन्हा गेली, पुन्हा आली. छबू पायरीवर बसून मोजत होती. चौथ्या खेपेला, विहिरीच्या अगदी मधोमध, मुक्ताच्या खांद्याशेजारी पाण्यात तपकिरी रेघ पसरली. मागोमाग भोपळ्याचं झाकण सुटून तिच्या तोंडापुढून तरंगत गेलं.

मुक्तानं ते बघितलं आणि ती बुडाली.

वर आली तेव्हा तिनं अशी किंकाळी फोडली, की शहादेव झोपेतून उठून उभाच राहिला. छबूनं उडी मारली, म्हशीची शेपटी धरावी तशी मुक्ताची वेणी धरली आणि तिला पायरीशी ओढून आणलं. दोघी वर येईपर्यंत शहादेव ओरडत गावाकडं पळाला होता. "पाटलाची लेक विहिरीत! पाटलाची लेक विहिरीत!"

थोड्याच वेळात काठावर पंचवीस-तीस माणसं जमली. मोहनराव पाटील अनवाणीच आले होते. केशरबाई आसरांच्या दगडांपुढं डोकं टेकून बसली. मागून धोंडीराम धापा टाकत आला आणि पाटलांना बघून त्यानं डोक्यावरचं मुंडासं काढून हातात घेतलं.

"धोंड्या, तुझी पोर माझ्या लेकीला मारायला निघाली व्हती!"

"चुकी झाली, पाटील," धोंडीराम म्हणाला.

"चुकी न्हाई झाली," छबू म्हणाली.

सगळे तिच्याकडं बघायला लागले. तिच्या अंगावरून पाणी निथळत होतं. तिनं मुक्ताचे खांदे धरले, तिला सगळ्यांकडं पाठ करून उभं केलं आणि कमरेत वाकवलं. मुक्ताच्या पाठीवरच्या भोपळ्यातून घळघळ आवाज करत पाणी पडायला लागलं. बराच वेळ पडत राहिलं.

"हे बघा. काठोकाठ भरलाय. झाकण सुटलं तवा एकबी बुडबुडा वर आला न्हाई, म्हणजे आत पाणी आधीच भरलेलं व्हतं. लेप पहिल्या-दुसऱ्या खेपेलाच विरघळला असंल. पुढं ही भोपळ्यावर पोहलीच न्हाई, पाटील. आपल्या हातापायावर पोहली."

"तोंड बंद कर!" पाटील ओरडले.

छबूनं तोंड बंद केलं. पण वाकलेली मुक्ता सरळ झाली.

"किती खेपा झालत्या गं?"

"चवथी चालू व्हती."

"अन् मी बुडाले कवा?"

"शेण दिसल्यावर."

मुक्तानं मान वळवून पाठीवरच्या भोपळ्याकडं बघितलं. भोपळा कधीचाच कामाचा राहिला नव्हता आणि तरी ती पोहत होती. तिला बुडवलं ते पाण्यानं नाही, भोपळा गेला हे कळल्यानं. तिनं पाठीमागं हात नेऊन गाठ सोडायचा प्रयत्न केला. अंबाडीची दोरी भिजली की फुगते, गाठ आणखी आवळते. ती सुटेना.

"शहादेवकाका, तुमचा विळा द्या."

शहादेवनं नकळत विळा पुढं केला. मुक्तानं दोरी कापली. भोपळा मातीत पडला. कुणी हात धरायच्या आत ती काठावर गेली, सात दगडांच्या शेजारून, आणि तिनं उडी मारली.

केशरबाई दगडांपुढून उठून काठाकडं धावली. मुक्ताचं डोकं वर आलं. ती नाक वर धरून, वेडेवाकडे हात मारत पलीकडच्या भिंतीशी गेली, दगडाला हात लावला आणि परत आली. पायऱ्या चढली. बापापुढं येऊन उभी राहिली तेव्हा तिचे दात वाजत होते, पण शब्द नीट निघाले.

"आबा, सासरची विहीर याच्यापेक्षा खोल हाय."

मोहनरावांनी हात उगारला होता. तो तसाच थोडा वेळ वर राहिला आणि मग खाली आला.

"घरी चल," ते म्हणाले. जाता जाता धोंडीरामाकडं न बघता म्हणाले, "उद्यापासून तुझी मेंढरं माझ्या शिवारात दिसायची न्हाईत. हा हुकूम समज."

धोंडीरामानं त्याच दिवशी पाल मोडलं. मेंढरं कपिलधारच्या बाजूला निघाली. छबू मार खायच्या तयारीनं मागं चालत होती. धोंडीराम पुढं मेंढरं हाकत होता. मग त्यानं विचारलं, "कितव्या दिवशी शिकली ती?"

"बाविसाव्या."

"म्हशीचं पारडू पाण्यात सोडलं, की त्याच दिवशी पोहतं," तो म्हणाला आणि हसू दिसू नये म्हणून मेंढरांवर ओरडला.

पंचमीला छबू डोंगर उतरून आली आणि नेकनूरच्या वाटेवर बांधावर उभी राहिली. गाडी दुपारी आली. मुक्ता आत, चारी बाजूंनी पडदे सोडलेले. बरोबर सासरची माणसं. छबूनं दोन बोटं तोंडात घातली आणि शीळ घातली. गाडीवान दचकला. गाडी थांबली नाही, पण मागच्या पडद्यातून एक हात बाहेर आला. हिरव्या बांगड्या भरलेला तो हात पाणी मागं सारावं तसा वाऱ्यात दोनदा फिरला, आणि गाडी वळणाआड गेली.

पुढची खबर यायला दोन वर्षं लागली. ती बाजाराला आलेल्या माणसांकडून आली आणि प्रत्येक तोंडी थोडी फुगत आली, पण गाभा एकच होता. नेकनूरच्या पलीकडच्या वस्तीवर फळी मोडली आणि पाटलांची मुक्ता घागरीसकट विहिरीत गेली. पुरुष दोर आणायला धावले. दोर येईपर्यंत मुक्ता पायरीवर येऊन बसली होती. इतकंच नाही. घागर बुडालेली बघून ती पुन्हा आत शिरली आणि घागर घेऊन वर आली.

सासू सारजाबाई काठावर उभी होती. तिनं सून जिवंत बघितली आणि शिव्यांचा भडिमार सुरू केला.

"पाटलाची लेक म्हणून आणली, म्हसरू निघालं! कासोटा मारून पाण्यात घुसती! लाज न्हाई? कुणी शिकवलं हे?"

"छबूनं," मुक्ता म्हणाली. "धोंडीराम मेंढपाळाच्या छबूनं." सगळी वस्ती ऐकेल एवढ्या मोठ्यानं.

सारजाबाई आठ दिवस सुनेशी बोलली नाही. नवव्या दिवशी, भाकरी थापता थापता, तिनं मान वर न करता विचारलं, "कशी शिकली, ते पहिल्यापासून सांग." मुक्तानं सगळं सांगितलं. भोपळे, शेणाचा लेप, तपकिरी रेघ, विळा. सारजाबाईनं ऐकून घेतलं आणि भाकरी उलटली.

पुढच्या उन्हाळ्यात अखितीच्या सणाला मुक्ता माहेरी आली. बरोबर तिची नणंद होती, बायडा, नऊ वर्षांची. छबूच्या बापाचं पाल त्या वर्षी ओढ्यापलीकडं, दुसऱ्याच्या रानात होतं. मुक्तानं पोचल्या दिवशी निरोप धाडला. दुसऱ्या दिवशी भर दुपारी ती बायडाचा हात धरून निघाली. मागच्या वाटेनं नाही. गावाच्या मधून, पारासमोरून. बायडाच्या पाठीवर दोन भोपळे बांधलेले होते.

पारावर मोहनराव बसलेले होते. बरोबर चार माणसं.

"कुठं निघालात?"

"विहिरीवर, आबा," मुक्ता म्हणाली. "सासूबाईंचा निरोप हाय. बायडाला छबूकडून पोहायला शिकवून आणायची."

लेकीला ते नाही म्हणू शकले असते. पण विहीणबाईंचा शब्द चार माणसांसमोर कसा मोडायचा? मोहनराव पानाच्या डब्यात काहीतरी शोधत राहिले. शेवटी म्हणाले, "शहादेवला म्हणावं, बैल जरा लांब बांध. पोर बुजंल."

छबू पायरीवर पाण्यात पाय सोडून बसली होती. दोघी मैत्रिणी एकमेकींकडं बघून नुसत्या हसल्या. मुक्तानं झाडाच्या ढोलीत हात घालून बघितला. पणती होती, मीठ नव्हतं.

"तू पोरींना शिकवतीस म्हणं," बायडा छबूला म्हणाली. ती धीट दिसायचा प्रयत्न करत होती, पण डोळे पाण्यावरून हलत नव्हते. "आईनं सांगितलंय तसंच सांगते. घागर परत आली, तिची मजुरी द्यायची राहिली व्हती. मजुरी म्हणून मला पाठवलंय."

"अशी मजुरी?" छबूनं मुक्ताकडं बघितलं.

"मी न्हाई, सासूबाईंनी ठरवली," मुक्ता म्हणाली. "थोरल्या सुनेला काढायला दोर उशिरा आला ना, तवापासून घरातल्या कुणाकुणाला पोहता येतं ते मोजत बसल्यात."

छबूनं बायडाला वळवलं. एकेक भोपळा कानाशी धरून हलवला. आत बिया खुळखुळल्या. तिनं दोन्ही भोपळ्यांवरून बोटं फिरवली, बुडापासून देठापर्यंत. कुठं कापलेलं नव्हतं, कुठं लिंपलेलं नव्हतं.

"भोक न्हाई?"

"न्हाई," बायडा म्हणाली. "आईनं येलावरच राखून ठेवलेते. पार वाळेपर्यंत कुणाला हात लावू दिला न्हाई."

छबूनं दोरीची गाठ एकदा ओढून बघितली आणि बाजूला सरकून पायरीवर जागा केली.

"मग उतर."